लेक फाडफाड इंग्रजी बोलू लागली, त्यानंतरची दोन वर्षं

तिसरीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या लेकीला आम्ही चौथीत एका इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत घातलं. शाळा निवासी नाही, डे स्कूल आहे. सकाळी बसने जायचं, दुपारी उशिरा घरी यायचं. आता ती सातवीत आहे. मधल्या तीन वर्षांत सर्वांत अवघड गेला तो प्रवेश नव्हे आणि पहिले मुके महिनेही नव्हेत. ती छान बोलायला लागली आणि सगळ्यांना वाटलं की झालं आता, तिथून पुढचा काळ अवघड गेला. मातृभाषेतून इंग्रजीत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्रवेशाच्या वेळी जुन्या शाळेची प्रगतिपुस्तकं, दाखला, लसीकरणाची नोंद हे सगळं दिलं. मग एक दिवस चाचणीचा. त्यात सीएटी-४ नावाची संगणकावरची चाचणी होती. ती अभ्यासक्रमावर नसते, विचार करण्याच्या क्षमतेवर असते आणि तिचे चार भाग असतात: शाब्दिक, संख्यात्मक, अशाब्दिक म्हणजे आकृत्यांचा, आणि अवकाशीय. १०० ही सरासरी धरून गुण देतात. लेकीला शाब्दिक भागात ८१ मिळाले आणि आकृत्यांच्या भागात ११२. ८१ पाहून माझा चेहरा पडला. पण समोर बसलेल्या ईएएलच्या शिक्षिकांनी (ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही अशा मुलांना त्या शिकवतात) ११२वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. दोन्हींमध्ये जे अंतर आहे, ती बहुतेक भाषा आहे.’’ त्या एका वाक्याने मला पुढे फार धीर दिला. प्रवेश मिळाला, ईएएलचे तास घ्यायचेच या अटीवर.

अभ्यासक्रम आयबीचा. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली. अकरावी-बारावीचा डिप्लोमा तेव्हापासूनचा. लहान मुलांचा पीवायपी, म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्राम, १९९७ मध्ये आला. त्यात पाठ्यपुस्तकातला धडा पहिला, धडा दुसरा असा क्रम नसतो. सहा मोठे विषयसूत्र असतात. आपण कोण आहोत, जग कसं चालतं, पृथ्वी सर्वांची कशी, अशा प्रकारचे. त्या सूत्राखाली काही आठवडे एकच प्रश्न घेऊन विज्ञान, भूगोल, भाषा, गणित असं सगळं त्याच्याभोवती गुंफतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण ती जवळजवळ पूर्ण भाषेवर चालते, हे मला उशिरा कळलं. धड्याखालचे स्वाध्याय असतात तेव्हा भाषा कच्ची असलेलं मूल निदान उत्तर कुठे आहे ते शोधू शकतं. इथे प्रश्न मुलानेच विचारायचा असतो, गटात चर्चा करायची असते, आपलं मत पटवून द्यायचं असतं. शब्द नसतील तर मूल बाहेरच राहतं.

पहिले तीन महिने ती वर्गात बोललीच नाही. अशी शांतता नव्या भाषेत गेलेल्या पुष्कळ मुलांना येते आणि त्या काळात ती ऐकून साठवत असतात, असं शिक्षिकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मी घाबरले आणि घरी तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. ती चूक झाली. बसमधून उतरल्यावर दिवसभराचं सगळं भडाभडा सांगणारी माझी मुलगी ‘यस’, ‘नो’वर आली. दोन आठवड्यांनी मी ते बंद केलं.

त्याच सुमारास शाळेत एक गोष्ट घडली. वर्गात सगळ्यांना रोजची चार ओळींची नोंद लिहायची होती. शिक्षिकांनी हिला सांगितलं, तू मराठीत लिही आणि शेजारी चित्र काढ. तिने पानभर लिहिलं. मग त्यांनी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. वर्गात कुणालाही मराठी येत नव्हतं, तरी सगळे शांत बसून ऐकत होते आणि नंतर चित्रावरून अर्थाचा अंदाज बांधत होते. त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, ‘‘आई, मला वाचता येतं हे त्यांना माहीतच नव्हतं.’’

वर्षाच्या शेवटी शेवटी ती खेळताना, बसमध्ये, फोनवर मैत्रिणींशी सहज इंग्रजी बोलू लागली. उच्चारही अगदी त्यांच्यासारखे. नातेवाईक कौतुक करत होते. आणि शाळेचं पत्र आलं: पुढच्या वर्षीपासून ईएएलची गरज नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण प्रगतिपुस्तकात वेगळंच दिसत होतं. तिथे गुण नसतात. कौशल्य अजून उमलतंय, विकसित होतंय की पक्कं झालंय अशी वर्णनं असतात. वाचन आणि गणितातल्या शाब्दिक उदाहरणांपुढे सगळीकडे ‘उमलतंय’ होतं. शिवाय वर्गशिक्षिकांनी हळूच सुचवलं होतं की बोलणं इतकं चांगलं असूनही लिखाण मागे आहे, तेव्हा काही अध्ययन अक्षमता आहे का हे तपासून घ्यावं. म्हणजे एकाच आठवड्यात एकीकडून ‘भाषेची मदत नको’ आणि दुसरीकडून ‘मुलीतच काही अडचण असेल’. दोघांचाही हेतू चांगला होता. दोघांनाही एकच गोष्ट दिसत नव्हती.

ती मला कळली एका गणितामुळे. उदाहरण साधारण असं होतं: अ कडे १८ गोट्या आहेत, त्या ब पेक्षा ५ने कमी आहेत, तर ब कडे किती? इंग्रजीत ‘फ्यूअर’ शब्द दिसला की ती वजाबाकी करायची. उत्तर लिहिलं १३. मी तेच उदाहरण मराठीत सांगितलं. पेन्सिल न उचलता म्हणाली, तेवीस. मग मी त्याच प्रकारची दहा उदाहरणं घेतली, आधी इंग्रजीत सोडवायला दिली आणि दोन दिवसांनी आकडे बदलून मराठीत. इंग्रजीत तीन बरोबर आली, मराठीत नऊ. विज्ञानातही तेच. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे तिच्या लेखी टीव्हीचा आवाज, ‘टेबल’ म्हणजे जेवायचं टेबल. पुस्तकातलं घनफळ आणि कोष्टक तिला दिसतच नव्हतं, कारण शब्द ओळखीचा वाटत होता आणि म्हणून ती विचारतही नव्हती.

शोधाशोध करताना भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं काम वाचलं. रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांनी १९७९ मध्ये मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, कारण समोर माणूस असतो, हावभाव असतात, वस्तू दिसत असते. दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. माझ्या मुलीचं एक वर्ष झालं होतं.

मी बैठक मागितली. वर्गशिक्षिका, ईएएलच्या शिक्षिका, अध्ययन सहाय्याच्या शिक्षिका आणि समुपदेशक असे चौघे आले. शाळेत हा चमूच असतो आणि पालकांना तो बोलावता येतो, हे मला आधी माहीत नव्हतं. मी तक्रार केली नाही. दहा उदाहरणांचे दोन्ही कागद, तिची तिसरीतली निबंधाची वही आणि तिचं मराठी वाचन ध्वनिमुद्रित करून नेलं होतं. आणि दोनच प्रश्न विचारले. ईएएल बंद करायचा निर्णय कशावरून झाला? तर फक्त तोंडी मुलाखतीवरून. आणि अक्षमतेची शंका घेण्याआधी तिच्या पहिल्या भाषेत कुणी पाहिलं का? तर नाही.

अध्ययन सहाय्याच्या शिक्षिकांनी ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण अडखळणं, ओळ चुकणं, शब्द गाळणं हे कानाला कळतं. मग त्यांनी वहीतल्या एका निबंधाचं भाषांतर माझ्याकडून करून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वाचन-लेखनाची मुळातली अडचण असेल तर ती बहुधा दोन्ही भाषांत दिसते, एकाच भाषेत दिसत असेल तर आधी त्या भाषेकडे बघायचं. अक्षमतेची तपासणी पुढे ढकलली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. (ज्यांच्या मुलांना दोन्ही भाषांत त्रास होतो, त्यांनी मात्र ‘भाषा आली की सुधारेल’ म्हणून थांबू नये. लवकर तपासलं तर स्वतंत्र शैक्षणिक योजना आणि परीक्षेत वाढीव वेळ अशी मदत मिळण्याची वाट मोकळी होते.)

ईएएल चालू राहिलं, पण त्याचं रूप बदललं. पहिल्या वर्षी तिला वर्गाबाहेर वेगळं नेऊन शिकवत. आता शिक्षिका विज्ञान आणि गणिताच्या तासाला वर्गातच येऊन तिच्या गटात बसू लागल्या. वाक्यांचे सांगाडे मिळू लागले, म्हणजे ‘माझा अंदाज आहे की... कारण...’ असं अर्धं वाक्य छापलेलं आणि उरलेलं तिने भरायचं. सर्वांत मोलाची ठरली ती एक साधी यादी. प्रत्येक विषयसूत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी त्यातले वीसेक महत्त्वाचे शब्द घरी पाठवायचे, हे मी मागितलं आणि त्यांनी मान्य केलं.

त्या यादीने आमच्या संध्याकाळी बदलल्या. डे स्कूलचा खरा फायदा मला इथे कळला; मूल रोज घरी येतं, म्हणजे रोज दोन तास तरी मराठी मिळतं. आम्ही प्रत्येक शब्द आधी मराठीतून घ्यायचो. आणि आपल्या पारिभाषिक शब्दांवर मी नव्याने जीव टाकायला लागले. बाष्पीभवन म्हटलं की बाष्प होणं त्यातच आलं. प्रकाशसंश्लेषण म्हटलं की प्रकाश आला. चौकोन म्हटलं की चार कोन मोजायचे. इंग्रजी शब्द मुलाला बंद डब्यासारखा पाठ करावा लागतो. मराठी शब्द उघडून आत काय आहे ते दाखवतो. कल्पना एकदा मराठीत पक्की झाली की इंग्रजी शब्द तिच्यावर चिकटवायला एक मिनिट लागायचं. सोमवारी वर्गात नवं सूत्र सुरू व्हायचं तेव्हा ती आधीच आत असायची.

पाचवीचं शेवटचं प्रदर्शन, म्हणजे पीवायपी संपताना मुलं स्वतः शोधलेला विषय सगळ्यांसमोर मांडतात ते, बरं झालं. सहा महिन्यांनंतरच्या बैठकीत अक्षमतेचा विषय कुणी काढला नाही.

सहावीत एमवायपी म्हणजे मिडल इयर्स प्रोग्राम सुरू झाला आणि पुन्हा भाषाच आडवी आली, पण नव्या प्रकारे. तिथे प्रत्येक विषयात चार निकष, प्रत्येकाला ८ गुण, आणि बेरजेवरून १ ते ७ श्रेणी. प्रश्नातल्या क्रियापदावर सगळं ठरतं. ‘डिस्क्राइब’ म्हटलं तर वर्णन, ‘एक्सप्लेन’ म्हटलं तर कारणं हवीत, ‘जस्टिफाय’ म्हटलं तर पुरावा. ती सगळ्याला एकच उत्तर लिहायची, भरपूर वर्णन. मग मी कागदाचे दोन रकाने केले. एकीकडे ही क्रियापदं, दुसरीकडे वर्णन करा, स्पष्ट करा, शास्त्रीय कारणे लिहा, समर्थन करा. तिने स्वतः जोड्या लावल्या. तिसरीपर्यंत एवढे प्रश्नप्रकार तिने पाहिले नव्हते, पण मराठीत ऐकल्यावर फरक लगेच कळला. विज्ञानाच्या एका निकषात ३वरून ६वर यायला एक सत्र लागलं.

सहावी संपताना ईएएल खरोखर बंद झालं. या वेळी निर्णयाच्या कागदाला तीन विषयांतले तिच्या लिखाणाचे नमुने आणि वाचनचाचणी जोडलेली होती. मी लगेच सही केली.

आता पुढचं पाहते आहे. आयबीच्या डिप्लोमात सहा विषय असतात आणि शाळेत शिकवली जात नसलेली मातृभाषाही साहित्य हा विषय म्हणून, शाळेच्या पाठबळावर स्वयंअध्ययनाने, स्टँडर्ड लेव्हलला (दोन पातळ्यांपैकी खालच्या) घेता येते. दुसऱ्या भाषेचं साहित्यही त्याच, म्हणजे भाषा आणि साहित्याच्या विषयगटात घेतलं आणि दोन्हींत किमान ३ श्रेणी मिळाली, तर डिप्लोमा द्विभाषिक होतो. चार वर्षं आहेत. समन्वयकांना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे की आम्हाला मराठी घ्यायची आहे, आणि रात्रीची अर्धा तास मराठी वाचायची वेळ लेकीने स्वतः वेळापत्रकात लिहिली आहे.