नऊ दिवस चोपन्न

जळगाव जिल्ह्यात, फैजपूरजवळच्या मैदानावर मी पोलीस भरतीच्या पोरांचा सराव घेतो. मुलांच्या मैदानी चाचणीत सगळ्यांचा जीव अडकतो तो 1600 मीटरमध्ये. 5 मिनिटं 10 सेकंदांत आलात तर 20 पैकी 20. म्हणजे चारशेची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, अशा चार.

माझा एक पोरगा मार्चमध्ये 5.16 वर आला होता. मे उजाडला आणि तो 5.40 वर घसरला. आमच्याकडचा मे! पहाटे साडेपाचलाही वारा गरमच लागतो. मला वाटलं, पोरगं ढिलं पडलंय. चार पोरांसमोर झापलं आणि वर दोनशेच्या सहा जास्तीच्या फेऱ्या दिल्या. पाचवीला तो मैदानाच्या कडेला ओणवा होऊन ओकला. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी.

प्रत्येकाने उठल्या उठल्या, अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची, असा माझा नियम आहे. नाडी रोजच्यापेक्षा बरीच चढली की समजायचं, कालचा थकवा उतरलेला नाही. त्याची वही उघडली. 54, 54, 54... नऊ दिवस ओळीने चोपन्न, एकाच पेनाने. मी रोज त्यावर सही करत होतो.

लिंबाखाली दहा मिनिटं आडवं करून मनगट धरलं. पंधरा सेकंदांत एकोणीस ठोके. म्हणजे शहात्तर.

"रात्री झोपतो किती?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "केळीच्या गाड्या भरून राह्यलो सर. दोन वाजतात."

खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ते मला आधी दिसले नव्हते असं नाही.

गाड्या सोड, असं सांगायला माझी जीभ रेटेना. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे त्यातूनच निघत होते. मग सरावच कापला. जोराचं पळणं आठवड्यातून दोनदाच, वेग तोच पण फेऱ्या निम्म्या. रात्री गाडी भरली तर सकाळी मैदानावर यायचं नाही, झोपायचं. बाकीची पोरं कुरकुरली, त्याला सूट म्हणून. कुरकुरू दिली.

पहिला आठवडा मलाच धीर निघेना. तीन आठवड्यांनी तो 5.14 वर आला. अजून चार सेकंद बाकी.

परवा वही बघितली. चोपन्न, छप्पन्न, आणि खाली: "66. दोन गाड्या भरल्या. आज येत नाही."