चकचकीत भिंतीवर मॅट रंग मारायला गेलो आणि…

आमचं शहापुरातलं घर जुनं. हॉलच्या भिंतीला छातीपर्यंत पिस्ता कलरचा ऑइल पेंट, बाबांनी मुद्दाम मारून घेतलेला, कारण आज्जी तिथंच टेकून बसते आणि डोक्याचं तेल भिंतीला लागतं, ऑइल पेंट असला की ओलं फडकं मारलं की झालं. पण ट्यूब लावली की ती भिंत अशी चमकायची की दवाखान्यात बसल्यागत वाटायचं, वर गिलाव्याचा एकेक उंचवटा दिसायचा. मॅट म्हणजे बिनचमकीच्या रंगात ते लपतं एवढं मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं.

चतुर्थीच्या आधी खडेबाजारातनं मॅट इमल्शनचा, म्हणजे पाण्यातल्या रंगाचा, डबा आणला, भिंत साबणानं धुतली, रोलरनं दोन हात मारले. एकदम झकास! तिसऱ्या दिवशी मखरामागं पडदा लावायला चिकटपट्टी मारली, वाकडी बसली म्हणून ओढली, तर तिच्याबरोबर तळहाताएवढा रंग सोलून हातात, दुधावरची साय निघावी तसा.

गल्लीतले रंगारी मामा आरतीला आलेले, पडदा बाजूला करून बघितले. "घासलास काय रे आधी?"

"नाही मामा, धुतलं."

"धुऊन काय हुतंय? काचेवर चुना मारल्यागत झालं की हे."

ऑइल पेंट वाळला की गुळगुळीत बंद थर होतो, पाण्यातल्या रंगाला धरायला जागाच नसते. मग बाप्पा गेल्यावर आज्जीला आत्याकडं निपाणीला पाठवलं आणि बसलो. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासायचा कागद) पाण्यात बुडवून ओलंच घासायचं, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची विषारी धूळ उडते; रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली आणि आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. चमक पूर्ण मरेपर्यंत घासलं, खांदे गेले. मग ऑइल प्राइमर, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणारा खालचा थर, तो वाळायला पावसानं दोन दिवस खाल्ले, मग मॅटचे दोन हात. आठवड्यानं चिकटपट्टी लावून ओढून बघितली, भिंत हलली नाही.

आज्जी परत आली, जागेवर टेकली. चार दिवसात तेलाचा गोल डाग. ओल्या फडक्यानं जोर लावून पुसला, डाग गेला, पण मॅट रंग घासला की तिथंच चकाकतो, त्यामुळं आता तेवढाच गोल चमकतोय.

"बघ," आज्जी म्हणाली, "आधीचाच बरा हुता की."