डावखुऱ्याचा टूल पाऊच

बाजारातले बरेचसे टूल पाऊच उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी शिवलेले असतात. कप्पे थोडे कललेले असतात आणि टेप लावायची क्लिप एका ठरावीक बाजूला. उजव्या कमरेला बांधला की ड्रायव्हरची मूठ आपसूक हातात येते. मी डावखुरा. तोच पाऊच मी डावीकडे बांधला की कल उलटा होतो, मुठी पाठीकडे जातात आणि घोड्यावर, म्हणजे घडीच्या शिडीवर, चढताना ती टेप प्रत्येक पायरीला मांडीवर आपटते. म्हणून मी सरळ कप्प्यांचाच पाऊच घेतो, आणि घेण्याआधी त्यात माझी हत्यारं भरून, कमरेला लावून, एकदा उकिडवा बसून बघतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

कप्पे किती, यावर जाऊ नका. माझं काम विजेच्या कंट्रोल पॅनेलचं. रोज लागतं ते एवढंच: चपटा आणि फुली ड्रायव्हर, पक्कड, कटर, वायर सोलायचा स्ट्रिपर, टेस्टर, इन्सुलेशन टेप, मार्कर. वायरीच्या टोकावर जोड दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आणि पान्यांचा सेट पेटीत राहतो. कप्पे जास्त असले की माणूस ते भरतोच, आणि मग संध्याकाळी एका बाजूची कंबर धरते. व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटरही मी पाऊचमध्ये ठेवत नाही. कटरच्या शेजारी त्याच्या प्रोबच्या, म्हणजे मोजायच्या टोकांच्या, वायरी घासल्या की त्यांचं इन्सुलेशन जातं, आणि त्याच वायरी आपण 415 व्होल्टवर धरतो.

लोखंडी क्लिपने पट्ट्याला अडकणारे पाऊच मला पटत नाहीत. अडचणीच्या जागेत वाकलं की क्लिप सुटते. आणि उघड्या पॅनेलसमोर कमरेला धातू लटकवून उभं राहायचंच कशाला? पट्टा आरपार ओवता येईल असा रुंद लूप हवा. शिवण बघायची ती कप्प्याच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना, कारण पाऊच फाटायला लागतो तिथूनच. तिथे दाट आडवे टाके किंवा रिव्हेट असतील तर तो टिकतो. तळ दुहेरी हवा, नाहीतर ड्रायव्हरचं टोक खालून डोकं काढतं.

चामडं की नायलॉन? चामडं अंगाच्या आकाराला बसतं आणि कप्प्याचं तोंड उघडं राहतं, म्हणून न बघता हत्यार परत ठेवता येतं. पण ते ओलावा धरतं. ओल्या चामड्यात रात्रभर राहिलेल्या पकडीवर सकाळी गंज दिसतो. दमट जागी काम असेल तर जाड विणीचं नायलॉन बरं. मी अजून चामड्यावरच आहे, कारण ते मला आवडतं.

निगा म्हणाल तर आठवड्याला सगळं बाहेर काढून पाऊच उलटा झटकायचा. तांब्याच्या वायरीचे तुकडे, स्क्रू, फेरुल (वायरीच्या टोकाला बसवायच्या छोट्या नळ्या) असं काय काय पडतं! हा कचरा हत्याराला चिकटून पॅनेलमध्ये गेला तर टर्मिनलवर शॉर्ट व्हायला तांब्याची एक काडी पुरते. हत्यारं बाहेर असतात तेव्हाच 1000 व्होल्टपर्यंतच्या इन्सुलेटेड ड्रायव्हरचं आवरण बघून घेतो. काहींच्या आवरणात आत वेगळ्या रंगाचा थर असतो. तो दिसला की तो ड्रायव्हर चालू लाइनच्या कामातून बाद.

चामडं भिजलं तर उन्हात किंवा हीटरजवळ ठेवायचं नाही, कडक होऊन तडकतं. कप्प्यांत कागद कोंबून सावलीत वाळू द्यावं. पूर्ण वाळलं की चामड्याचं तेल फडक्याने अगदी पातळ लावायचं. जास्त लावलं की कप्पे लुळे पडतात, हत्यारं हलतात आणि तेल मुठींना लागून हात घसरतो. तेल लावलेला पाऊच मी दुसऱ्या दिवशी वापरत नाही. त्या दिवशी जुना नायलॉनचा बांधतो, कप्प्यांची मांडणी तीच ठेवून.