मोठ्याला मोठी, लहानाला लहान?

डर्ट बाइकबद्दल, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायच्या मोटरसायकलबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: “मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा, दोघंही डर्ट बाइक शिकणार आहोत. मला २५० आणि त्याला १२५ घेतली तर चालेल ना?”

चालेलही. पण वय बघून इंजिनाची सीसी ठरवायची हीच चूक मी केली होती.

माझा मुलगा चौदाव्या वर्षीच माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाला होता आणि सायकल खडकांवरून उडवत न्यायचा. मी जन्मभर स्कूटरवाली, क्लच हाताने कधी दाबलेलाच नाही. तरी आई म्हणून मोठी गाडी माझ्या वाट्याला आली: वापरलेली, मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणाऱ्या, शर्यतीची फोर-स्ट्रोक २५०. विकणारा म्हणाला, वजन जेमतेम १०५ किलो. ट्रेलवर, म्हणजे रानवाटांवर, चालवायच्या शिकाऊ २३० गाड्या ११५ किलोच्या आसपास असतात, म्हणजे ही त्यांच्यापेक्षाही हलकी! मी खूश. ताकद त्यांच्या दुप्पट आहे हे कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. सीटची उंची तर मी विचारलीच नाही. ती साधारण ९५ सेंटिमीटर होती.

पहिल्याच सकाळी चढावर गाडी बंद पडली. पाय टेकायला गेले तर खाली जमीनच नाही. उताराच्या अंगाला गाडी आडवी, शेजारी मी. शर्यतीच्या गाडीला स्टँड नसतो, म्हणून उचलून झाडाला टेकवायची, न्यूट्रल शोधायचा, मग त्या तापलेल्या इंजिनला किक मारत बसायचं. तिसऱ्यांदा पडले तेव्हा हात थरथरत होते. हाफ क्लच शिकायला गेलेली बाई दिवसभरात फक्त गाडी उचलायला शिकून आली.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी पायांची लांबी विचारते. बूट घालून गाडीवर बसा. दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. नुसती बोटं टेकत असतील तर सपाटीवर निभेल, चढावर नाही. कंपनी छापते ती सीटची उंची रिकाम्या गाडीची असते. माणूस बसला की सस्पेंशन दबतं, आणि माणूस जितका जड तितकी तीच गाडी बुटकी होते. म्हणून दोघांनीही प्रत्यक्ष बसून बघायचं. मग मालकाला विचारून गाडी हळूच आडवी करा आणि एकट्याने उभी करा: हँडल पूर्ण वळवून, गुडघ्यात वाकून, जोर पायांचा. घामाघूम झालात तर ती गाडी तुमची नाही. ही परीक्षा मुलाने द्यायची आणि तुम्हीही.

कावासाकीची केएलएक्स१४०आर सीटच्या तीन उंचींत मिळत आली आहे, ७८, ८० आणि ८६ सेंटिमीटर. चाकंही त्या हिशोबाने मोठी होत जातात. होंडाच्या सीआरएफ१२५एफला लहान आणि मोठ्या चाकांचे दोन प्रकार आहेत. यामाहाची टीटी-आर१२५एलई ८० सेंटिमीटरच्या थोडी वर. ही मंडळी मुलांच्या रांगेत उभी केलेली असतात, पण बुटक्या, हलक्या मोठ्या माणसाला शिकायला यांच्यासारखं दुसरं काही नाही. हो, वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर १२५ चढावर धापा टाकते आणि खड्ड्यात सस्पेंशन तळाला आपटतं. तिथे २३० किंवा होंडाच्या सीआरएफ२५०एफसारखी एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची, ट्रेल गाडी घ्या. नावातल्या २५० या आकड्यावर मात्र जाऊ नका. ही २५० आणि माझी ती २५० यांचा स्वभाव पूर्ण वेगळा.

टू-स्ट्रोकचा आवाज मलाही वेड लावतो. पण पेट्रोलमध्ये तेल मापून मिसळायचं, आणि ताकद येते ती एकदम, नवख्याचा हात एक्सलेटरवर घट्ट आवळलेला असतानाच. पुढच्या गाडीला बघू. शर्यतीच्या इंजिनात पिस्टन बदलायची वेळ तास मोजून येते. ट्रेलच्या गाडीला वेळेवर ऑइल, चेनकडे लक्ष आणि स्वच्छ एअर फिल्टर एवढं दिलं तरी ती वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, त्याला तेल चोळणं हे आमच्याकडे मुलाचं काम आहे. वापरलेली गाडी बघायला गेलात तर फिल्टरचं झाकण आधी उघडा. आत धूळ असेल तर मालकाने बाकी किती काळजी घेतली असेल ते विचारायलाच नको. आणि गाडी थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच कोणी इंजिन तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवायचं असतं, असं मी धरून चालते.

मुलाला पुढे होईल म्हणून वाढत्या अंगाची गाडी घेऊ नका. लहान झाली की विका. हेल्मेट तर मुळीच वाढत्या मापाचं नको, ते आज घट्ट बसलं पाहिजे. गाड्यांच्या पैशातून हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड आणि नडगीपर्यंतचे बूट आधी बाजूला काढा. घोट्यावर ११५ किलो पडलं की कापडी बूट काही कामाचे नाहीत.

मी ती २५० विकली. आता ८० सेंटिमीटरची १४० माझी आहे आणि २३० मुलाची. तो पुढे जातो, वळणावर थांबतो. मागच्या खेपेला ओल्या चढावर तो मधेच रुतला, मागचं चाक निम्मं चिखलात. मी दोन्ही पाय मारत मारत शेजारून वर गेले. खालून आवाज आला, “आई, गाडी बदलायची का?”

म्हटलं, “माझे पाय नाही रे पुरत तुझ्या गाडीला.”