एमएस्सी अप्लाइड मॅथ्स : जॅमच्या फॉर्मपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत

अप्लाइड मॅथ्सची, म्हणजे उपयोजित गणिताची, पदवी त्याच नावाने मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. पुणे विद्यापीठात ती ‘इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स विथ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ या लांबलचक नावाखाली असते, माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ म्हणून, आणि काही आयआयटींमध्ये नुसत्या ‘एमएस्सी मॅथेमॅटिक्स’च्या पोटात, ऐच्छिक विषयांच्या रूपाने. बंगळुरूला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्था) खास याच विषयाचं केंद्र आहे, पण तिथली वाट संशोधनाकडे जाते. त्यामुळे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी नावं बाजूला ठेवून अभ्यासक्रमाच्या पीडीएफ वाचायला घेतल्या. न्यूमरिकल ॲनालिसिसला, म्हणजे संगणकाने आकड्यांत उत्तरं काढायच्या विषयाला, प्रयोगशाळेचे तास आहेत, की सगळी गणितं कॅल्क्युलेटरवरच उरकतात? प्रोबॅबिलिटी आणि स्टोकॅस्टिक प्रोसेस (काळानुसार यादृच्छिक बदलणाऱ्या गोष्टींचं गणित) सक्तीचे आहेत का? शेवटच्या सेमिस्टरला प्रकल्पासाठी खरोखर वेळ ठेवलाय का? या तीन प्रश्नांनी यादी झटकन आखूड होते.

प्रवेशाचा मुख्य दरवाजा म्हणजे जॅम, एमएस्सीसाठी आयआयटी घेतात ती देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. पेपर फेब्रुवारीत, तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. ‘अ’ विभागात एकच बरोबर पर्याय असलेले ३० प्रश्न, ५० गुणांचे. चुकलं तर एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश वजा. ‘ब’ विभागात एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे १० प्रश्न, २० गुणांचे. ‘क’ विभागात थेट संख्या टाइप करायचे २० प्रश्न, ३० गुणांचे. ‘ब’ आणि ‘क’ला निगेटिव्ह मार्किंग नाही.

अंदाज लावावा की नाही यावर क्लासमध्ये तासन्तास वाद चालतात, पण हे दोन ओळींचं गणित आहे. चार पर्यायांपैकी डोळे झाकून एक निवडला तर सरासरी फायदा बरोबर शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला की एक गुणाच्या प्रश्नाला तो एक नवमांश गुण होतो. म्हणजे बाद करता येत असेल तरच हात घालावा. ‘ब’ विभाग मात्र फसवा आहे. निगेटिव्ह नाही म्हणून सोपा वाटतो, पण चार पर्यायांतून निवडीचे १५ प्रकार होतात आणि अर्धवट बरोबर उत्तराला काहीच मिळत नाही. इथे व्याख्या घट्ट असाव्या लागतात. प्रत्येक प्रमेयाची एकेक अट काढून टाकायची आणि ते कुठे मोडतं याचं उदाहरण वहीत लिहायचं, ही तयारी इथे सगळ्यात जास्त कामाला आली. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो, स्वतःचा नेता येत नाही. माउसने आकडे दाबायची सवय घरी करावी.

फॉर्म भरताना महाराष्ट्रातल्या मुलांची गाडी कागदपत्रांवर अडते. ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते; राज्याच्या कामासाठी काढलेलं नॉन-क्रीमी लेयर चालत नाही. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्राच्या अर्जात त्याचा रकानाच नसतो. सेतू केंद्रात ‘केंद्राच्या नमुन्यात’ हे शब्द ठासून सांगावे लागतात. हे काम दिवाळीआधी उरकलेलं बरं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा वेगळी असते, आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या आपापल्या तारखा असतात.

एकदा आत गेल्यावर पहिलं सेमिस्टर बीएस्सीसारखंच भासतं: रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन्स. विषय खरा बदलतो तो संगणकासमोर बसल्यावर, कारण कागदावर सिद्ध झालेलं तिथे मोडतं. एकमधून एक्सची कोसाइन वजा करा आणि एक्सच्या वर्गाने भागा. एक्स शून्याकडे गेला की उत्तर अर्ध्याकडे जातं, हे बारावीपासून पाठ आहे. आता एक्सला दहाचा उणे आठवा घात द्या. पायथन ही संगणकभाषा उत्तर देते शून्य. संगणक संख्या साठवतो त्या नेहमीच्या साच्यात, म्हणजे डबल प्रिसिजनमध्ये, १५-१६ अंकच मावतात, त्यामुळे कोसाइनची किंमत एकपासून वेगळी साठवलीच जात नाही आणि वजाबाकीत सगळी माहिती उडते. इलाजही बारावीतलाच: अंश अर्ध्या कोनाच्या साइनच्या रूपात लिहिला की उत्तर ०.५ येतं.

दुसरा धडा समीकरणसंचांचा. मॅट्रिक्समुळे आकड्यांतली बारीक चूक उत्तरात किती पट होऊ शकते, हे कंडिशन नंबर सांगतो. दहा बाय दहाच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचा (१, १/२, १/३ अशा अपूर्णांकांनी भरलेल्या) तो सुमारे दहाचा तेरावा घात आहे. म्हणजे सोळा अंकांपैकी तेराएक अंकांवर आधीच पाणी सोडायचं. प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता उत्तर छापतो, आणि आपण ते दशांशासकट जर्नलमध्ये उतरवतो. म्हणून मॅट्रिक्सचा व्यस्त काढून गुणायची कॉलेजातली सवय पहिल्या महिन्यातच सोडावी. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत ‘सॉल्व्ह’ वापरावं, आणि उत्तराशेजारी कंडिशन नंबर छापावा.

पण खरी गंमत उष्णतेच्या समीकरणात आहे. एक सळई घ्यायची, तिचे सारखे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक क्षणाचं तापमान आधीच्या क्षणावरून काढत जायचं. ही एक्स्प्लिसिट पद्धत दहा ओळींत लिहून होते. पसरण-गुणांक गुणिले काळाची पायरी, भागिले अंतराच्या पायरीचा वर्ग, ही संख्या अर्ध्याच्या वर गेली की तापमान आलटून पालटून धन-ऋण होत कोटींच्या घरात पोचतं. अंतराची पायरी निम्मी केली की काळाची एक चतुर्थांश करावी लागते. बिंदू दुप्पट, पायऱ्या चौपट, म्हणजे एकाच मितीत काम आठपट. इम्प्लिसिट पद्धतीत, म्हणजे पुढच्या क्षणाची सगळी तापमानं एकदम काढायच्या पद्धतीत, ही अट नाही, पण दर पायरीला समीकरणसंच सोडवावा लागतो. तो त्रिकर्णी (मधल्या तीन कर्णांवरच आकडे असलेला) असल्याने स्वस्तात सुटतो. कुठे काय परवडतं हा हिशेब, माझ्या मते, या पदवीचा गाभा आहे. सूत्रं कुठेही मिळतात.

हाच हिशेब पुण्यात पाषाणला आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) हवामानासाठी मांडला जातो. तिथे विकसित झालेली हवामान-अंदाजाची भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५मध्ये ६ किलोमीटरच्या जाळीवर सुरू झाली. जाळीची बाजू निम्मी केली की आडवे बिंदू चौपट होतात आणि काळाची पायरीही ढोबळमानाने निम्मी करावी लागते. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या गोष्टींसाठीची ही अट कूरांट, फ्रीडरिश आणि लेवी यांनी १९२८मध्ये, म्हणजे संगणक येण्याआधीच मांडली होती. म्हणूनच तिथे ११.७७ पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहाचा पंधरावा घात इतकी गणितं) ‘अर्का’ हा महासंगणक लागतो.

प्रकल्पाबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘मशीन लर्निंगने शेअरच्या भावाचा अंदाज’ हा विषय घेऊ नये. उत्तर बरोबर आलं की चूक, हे ठरवायची कसोटीच तिथे हातात नसते, आणि मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला ते उघडं पडतं. ज्याचं उत्तर पडताळता येतं असा प्रश्न घ्यावा. चौकोनी पेटीत वरचं झाकण सरकवल्याने फिरणारा द्रव हा जुना आणि चांगला प्रश्न आहे, कारण घिआ, घिआ आणि शिन यांनी १९८२मध्ये वेगवेगळ्या रेनॉल्ड्स नंबरसाठी (प्रवाहात वेगाचा जोर चिकटपणाच्या किती पट आहे हे सांगणारी संख्या) दिलेली वेगांची कोष्टकं आजही तुलनेला वापरली जातात. फायनान्सकडे जायचं असेल तर युरोपियन ऑप्शनची (ठरलेल्या तारखेलाच ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करायच्या हक्काची) किंमत तीन वाटांनी काढावी: ब्लॅक-शोल्सचं सूत्र, त्यामागचं समीकरण उष्णतेच्या समीकरणात बदलून फायनाइट डिफरन्सने (वरच्या सळईसारखे तुकडे पाडून), आणि माँटे कार्लोने, म्हणजे यादृच्छिक नमुन्यांची सरासरी घेऊन. माँटे कार्लोत चूक नमुन्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आणखी एक अंक बरोबर हवा असेल तर शंभरपट नमुने.

अहवालात एक तक्ता असायलाच हवा: पायरी निम्मी केल्यावर चूक किती झाली. पद्धत दुसऱ्या क्रमाची असेल तर चूक दर वेळी साधारण चौथाई व्हायला हवी. ती निम्मीच होत असेल तर बहुतेक वेळा कडेची अट पहिल्या क्रमाने लिहिलेली असते. चूक तिथे शोधावी. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक रंगीत आलेखांपेक्षा याच तक्त्यावर रेंगाळतात.

आता नोकऱ्या. मुंबईत सगळ्यात जास्त जागा बँकांच्या रिस्क विभागांत आणि त्यांना सेवा देणाऱ्या कंपन्यांत आहेत. कर्ज बुडण्याची शक्यता, बुडालं तर किती टक्के जाईल, आणि त्या वेळी किती रक्कम अडकलेली असेल, या तिघांचा गुणाकार म्हणजे अपेक्षित तोटा. पहिल्या आकड्यामागे बहुधा लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो-नाही घटनेची शक्यता काढायची संख्याशास्त्रीय पद्धत, असतं. दुसऱ्याने बनवलेलं मॉडेल तपासायचं काम, म्हणजे मॉडेल व्हॅलिडेशन, आपल्या लोकांना चांगलं जमतं. शंका घेण्याचेच पैसे मिळतात. मुलाखतीत एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले जॉइन (दोन तक्ते जोडणं) विचारतात, आणि नाण्याचा एक प्रश्न हमखास: लागोपाठ दोन छापे यायला सरासरी किती वेळा उडवावं लागेल, आणि छाप्यानंतर काटा यायला किती? उत्तरं ६ आणि ४. पहिल्यात मध्येच काटा पडला की शून्यापासून सुरुवात, दुसऱ्यात चुकून पुन्हा छापा पडला तरी हातातला छापा टिकतो. आकड्यापेक्षा हे कारण ऐकायचं असतं.

विम्याकडे जायचं तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया या विमा-गणितज्ञांच्या संस्थेची एसीईटी ही प्रवेश परीक्षा साधारणपणे आधी द्यावी लागते. पुढच्या पेपरांपैकी सीएस१ आणि सीएस२ संख्याशास्त्राचे, सीएम१ आणि सीएम२ विमा-वित्ताच्या गणिताचे. या चारही पेपरांना संगणकावरचा भाग असतो, सीएसला आर ही संगणकभाषा आणि सीएमला एक्सेल. एमएस्सी चालू असतानाच सीएस१ काढून टाकावा, कारण तो अभ्यास ताजा असतो. सगळे पेपर संपायला वर्षं लागतात, पण विमा कंपन्या काही पेपर झालेल्यांनाही घेतात.

पुण्यात वाहन उद्योगामुळे सिम्युलेशनची कामं भरपूर आहेत, पण तिथे एचआरची चाळणी ‘बीई/बीटेक’ अशी लावलेली असते आणि एमएस्सीचा अर्ज माणसाच्या नजरेलाच पडत नाही. ओळखीतून थेट टीमपर्यंत पोचावं लागतं. मुलाखतीत आपणही विचारावं की कामात मेशिंग (जाळी बनवणं) किती आणि सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) किती. बऱ्याच जागांवर वेळेचा मोठा भाग भूमिती साफ करण्यात आणि जाळी बनवण्यात जातो. ते काम वाईट नाही, पण त्याला एमएस्सी लागत नाही.

शिकवायचं असेल तर सेट किंवा नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची किंवा देशपातळीवरची पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेतं. सीएसआयआर-नेटचा गणिताचा पेपर २०० गुणांचा; त्यातल्या ‘क’ भागात ६० पैकी २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ गुण, निगेटिव्ह नाही, पण सगळे बरोबर पर्याय टिपले तरच गुण. तिसऱ्या युनिटमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स, न्यूमरिकल ॲनालिसिस, कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स, इंटिग्रल इक्वेशन्स आणि क्लासिकल मेकॅनिक्स येतात. शुद्ध गणितवाले हे युनिट बहुधा सोडून देतात, आपल्याला मात्र ते फुकटात मिळतं. जेआरएफची, म्हणजे नेटमधून पीएचडीसाठी मिळणाऱ्या संशोधनवृत्तीची, रक्कम जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, तिच्या पुढच्या टप्प्याची, एसआरएफची, ४२,०००. निकाल लागणं, पीएचडीची नोंदणी होणं आणि पहिले पैसे खात्यात येणं यांत काही महिने सहज जातात. तेवढ्या काळाच्या खोलीभाड्याची सोय आधी करून ठेवावी.