'लिफ्ट आहे' एवढ्यावर भागत नाही : क्रूझवरच्या पूलमध्ये उतरण्याचा माझा अनुभव

पूलला लिफ्ट, म्हणजे व्हीलचेअर वापरणाऱ्याला आसनावर बसवून पाण्यात उतरवणारं आणि वर आणणारं यंत्र, आहे का, असं क्रूझ कंपनीला विचारलं की 'हो' असं उत्तर येतं. ते बहुधा खरंही असतं. अडचण एवढीच, की पूल तीन-चार आणि लिफ्ट एखाद्यालाच. म्हणून मी बुकिंगच्या वेळीच चार प्रश्न ईमेलने पाठवते : लिफ्ट कोणत्या डेकवरच्या कोणत्या पूलला आहे, गरम पाण्याच्या टबाला वेगळी आहे का, ती किती वजन पेलते आणि बटण माझ्या हातात असतं की कर्मचारी लागतो. उत्तर लेखीच घ्यायचं. फोनवर दिलेला शब्द जहाजापर्यंत पोचत नाही.

तुलनेसाठी मी अपंगांच्या सोयींसाठीची अमेरिकेची २०१० ची मानकं जवळ ठेवते. ती जमिनीवरच्या पूलसाठी लिहिलेली आहेत, जहाजावर सगळं तसंच असेल असं धरू नये. पण माप कळतं : आसन किमान १६ इंच रुंद, जमिनीपासून १६ ते १९ इंच उंच, पाण्याखाली किमान १८ इंच जाणारं, किमान १३६ किलो पेलणारं. शिवाय काठावरून आणि पाण्यातून, दोन्हीकडून स्वतःला चालवता येणारं. आपली व्हीलचेअर गादीसकट किती उंच आहे ते घरीच मोजावं. लिफ्टच्या आसनापेक्षा ती दोन इंचांनी उंच असेल, तर जाताना उतार आणि परतताना, ओल्या अंगाने, चढ.

जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी लिफ्ट चालवून बघते. बिघाडाचं नेहमीचं कारण बॅटरी. ती काढून चार्जिंगला नेलेली असते आणि कुठे ठेवली ते त्या पाळीच्या माणसाला माहीत नसतं. दुसरं कारण आरामखुर्च्या. लिफ्टशेजारी व्हीलचेअर लावायला साधारण तीन फूट रुंद आणि चार फूट लांब जागा मोकळी लागते, आणि नेमकी तीच जागा कुणीतरी टॉवेल टाकून अडवलेली असते. पूलचा काठ डेकपासून उंच असेल, तर रॅम्प आहे का हेही तेव्हाच पाहायचं.

कर्मचारी लिफ्ट चालवतात, पण उचलून बसवत नाहीत; बऱ्याच कंपन्यांचा तसा नियमच असतो. उचलावं लागत असेल तर सोबतीला माणूस हवा. ट्रान्सफर बोर्डवर, म्हणजे व्हीलचेअरवरून आसनावर सरकायच्या फळीवर, ओली कातडी सरकत नाही, चिकटते. खाली कोरडा टॉवेल घालायचा. आसन कडक प्लॅस्टिकचं असतं. संवेदना नसलेल्यांनी त्यावर फार वेळ बसू नये आणि नंतर कातडी तपासावी. आधी पट्टा, मग पाय पायटेकावर, मगच बटण.

खरी कसरत बाहेर येताना. पाण्यात पाय तरंगतात, त्यामुळे आसनावर मागे सरकून बसायला वेळ लागतो. हाताच्या दांड्या धरून आधी कंबर मागे टेकवायची, पट्टा लावायचा, मग पाय खाली ओढायचे. पट्टा न लावता वर गेलं, की पाण्याचा आधार सुटताच माणूस पुढे घसरतो. इलेक्ट्रिक खुर्ची काठापासून लांब उभी करावी. जॉयस्टिकला पाणी सोसत नाही, आणि बऱ्याच पूलमधलं पाणी समुद्राचंच, खारं असतं.

समुद्र खवळला की पूल रिकामा करतात किंवा वर जाळी ताणतात. जहाज थोडं हेलकावलं तरी पाणी एका बाजूला झेपावतं, आणि कमरेवरचं अंग सावरता येत नसेल तर तोल जायला तेवढंही पुरतं. सगळे बंदरावर उतरतात तो दिवस माझ्या आवडीचा : पूल मोकळा, जहाज स्थिर, कर्मचाऱ्यांना सवड. मात्र अनेक जहाजांवर जीवरक्षक नसतो, एकट्याने उतरू नये.

डायपर घालून उतरायला बहुतेक जहाजांवर मनाई असते, पोहण्याचा डायपरही त्यात आला. त्यामुळे शौचाची वेळ आधीच सांभाळावी लागते आणि लघवीची पिशवी रिकामी करूनच निघावं. गरम टबाचं पाणी ४० अंशांपर्यंत असू शकतं. मणक्याला वरच्या बाजूला इजा असेल, तर इजेखालच्या भागाला नीट घाम येत नाही आणि शरीर निवत नाही. तिथे मी पाच-सात मिनिटांतच लिफ्ट मागवते, कारण ती यायलाही वेळ लागतो.