एक्सरे नॉर्मल, पोरगी लंगडते

"फुगडीला उभी राहिले नि दुसऱ्या फेरीतच खाली बसले," ती म्हणाली. वय 22. चतुर्थी होऊन थोडेच दिवस झाले होते. सोबत आलेल्या वडिलांच्या एका हातात एक्सरेचं पाकीट, दुसऱ्यात एका सरकारी खात्याच्या भरतीचं पत्र. धावण्याची चाचणी तीन आठवड्यांवर आलेली. माझ्या टेबलावर आधी पत्र आलं, मग पाकीट.

"एक्सरे नॉर्मल आसा, मॅडम. शीर धरल्या. करंट दिल्यार सुटतली."

आमच्या गोव्यातल्या डिचोलीत फिजिओ म्हणजे शेक आणि करंट. ही समजूत लोकांनी स्वतः करून घेतलेली नाही, आमच्यातल्याच काहींनी ती करून दिली आहे. आधी ती जिथे गेली होती तिथे जांघेचा स्नायू ताणला असं सांगून रोज मशीन लावलं होतं, वर पाय ताणायचे व्यायाम. हात लावून तपासलं का, विचारलं तर म्हणाली, "नाही, खुर्चीतच बसवून विचारलं."

जांघेचा स्नायू खरंच ताणला असेल तर तो बोटाखाली सापडतो. जघनाच्या हाडापाशी, जिथून तो निघतो, तिथे दाबलं की माणूस दचकतो. दोन गुडघ्यांमध्ये मूठ धरून "आवळ" म्हटलं की दुखतं. हिने माझी मूठ चांगली चेंगरली आणि चेहऱ्यावर काही नाही. दाबून कुठेच दुखेना. पण उताणी झोपवून खुबा नि गुडघा काटकोनात वाकवून मांडी आतल्या बाजूला फिरवली, तेव्हा अगदी शेवटाला तिने टेबलाची कड पकडली. पाय सरळ उचलतानाही जांघेत आत कळ. कुठे, म्हटलं तर बोट ठेवता येईना, अख्खा पंजा लावून दाखवायची.

मांडी आत फिरवल्यावरची कळ खुब्यात हाडाला हाड अडतं तेव्हाही येते. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांत ती मी नेहमी बघते. त्यामुळे तेवढ्यावर काही ठरत नाही. एका पायावर उडी मारायला लावणं ही आणखी एक चाचणी, पण ती मी करून घेतली नाही. जो संशय मनात आला होता तो खरा असता, तर उडीनेच काम तमाम व्हायचं.

खरी माहिती बोलण्यातून आली. पावसाळ्यात शाळेचं मैदान चिखलात गेलं, तशी ती डांबरी रस्त्यावर धावू लागली. पत्र आल्यावर अंतर दुप्पट केलं. आधी धावून झाल्यावर दुखायचं, मग धावताना, मग सुरुवातीलाच, मग चालताना. आता रात्री कूस बदलतानाही. श्रावणभर शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण, सोमवारचे उपास, शिवाय वजन उतरावं म्हणून रात्रीचं शीत, म्हणजे भात, बंद.

वडिलांना मी बाहेर बसायला सांगितलं. ते नाराज झाले, पण पाळीबद्दल त्यांच्यासमोर ती बोलली नसती. पाच महिने आली नव्हती. आईचं म्हणणं, धावपळीनं होतं असं, उलट बरंच! खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबते तेव्हा बहुतेकदा खर्चाच्या मानाने पोटात पुरेसं जात नसतं, आणि शरीर हाडांच्या डागडुजीत काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या प्रकाराला 2014 मध्ये स्वतंत्र नाव दिलं. भरतीची तयारी करून घेणाऱ्या आमच्या भागातल्या एकाही सरांनी हा प्रश्न मुलींना विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी मशीन लावलं नाही. कुबड्या दिल्या, त्या पायावर भार टाकायचा नाही असं बजावलं आणि अस्थिरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली: मांडीच्या हाडाच्या मानेत स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या ताणाने पडणाऱ्या चिरेचा संशय, एमआरआय व्हावा. अशी चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. मानेच्या खालच्या अंगाला, रुंदीच्या निम्म्याहून कमी. खालच्या अंगाला चालताना हाड दाबलं जातं, वरच्या अंगाला ताणलं जातं. चीर वर असती तर बहुधा स्क्रूच घालावे लागले असते. खाली होती म्हणून कुबड्यांवर निभावलं.

वडील परत आले ते एकच मागणं घेऊन. "एका दिसाचें इंजेक्शन दिवंक जायना?" त्यांचा खनिजवाहू ट्रक होता. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये परत थांबल्या, आणि मधे कधीतरी ट्रक विकला गेला. त्या घरात सरकारी नोकरी म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी माझा आवाज चढला. धावताना हाड सरकलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग या वयात खुबा बदलायची वेळ येते, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. तारीख पुढे मिळावी म्हणून पत्रही लिहून दिलं. त्याला उत्तर आलं नाही. चाचणीच्या दिवशी ती कुबड्यांवर घरी होती.

पुढचं तसं सरळ होतं. सहा आठवडे कुबड्या, स्त्रीरोगतज्ज्ञ, रात्रीचं शीत पुन्हा चालू, मग खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद. ते काम मला मनापासून आवडतं, आणि ती पोरगी व्यायाम कधी चुकवत नाही.

वडील मात्र अजून म्हणतात, "ती धावली असती." परवा तिनेही विचारलं, "मॅडम, त्या दिवशी धावले असते तर नक्की तुटलं असतं?" नक्की नाही, मी म्हटलं. कदाचित धावून पासही झाली असतीस. तिने मान डोलावली आणि जिना चढ-उताराचा पुढचा सेट सुरू केला. वडिलांना हे उत्तर तिने सांगितलंय की नाही, ठाऊक नाही. मैदान आता सुकलंय. सोमवारपासून एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, आणि जांघेत जराही कळ आली तर त्याच दिवशी फोन.